आयझ. केपर्स, मयत

अलीथिया केपर्स अंगणातल्या पेकनच्या झाडाखाली पडलेली फळे वेचत होती, तेव्हा तिला बुंध्याला बांधलेली गुलाबी फीत दिसली. फीत नवी होती आणि गाठ पक्की होती. तशीच दुसरी फीत विहिरीच्या कठड्याला होती आणि तिसरी कोंबड्यांच्या खुराड्यामागच्या कुंपणाला. चौथी बांधायला एक माणूस वाकला होता. त्याच्या खांद्यावर मोजणीची तिकाटी होती.

“ए भाऊ,” ती म्हणाली, “चुकीच्या अंगणात आलायस.”

“नाही, मॅम.” त्याने नकाशा उलगडला. “मिळकत अडतीस. कराच्या थकबाकीपायी गेल्या ऑक्टोबरात लिलाव झाला. माझ्या मालकांनी घेतली.”

“कर मी भरते. दर जानेवारीत. पावत्या आहेत माझ्याकडे.”

“मग प्रश्नच नाही. पावती दाखवा, मी आत्ता फिती सोडतो.”

तिने घरातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणला. त्यात सव्वीस वर्षांच्या सव्वीस पावत्या रबराने बांधून ठेवलेल्या होत्या. मोजणीवाल्याने वरची पाहिली, मग तिच्याखालची, मग अगदी तळाची. आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

“मॅम, या सदतिसाच्या आहेत.”

“म्हणजे?”

त्याने चराच्या पलीकडे, खाजणाच्या कडेला उभ्या असलेल्या पाइनच्या राईकडे बोट दाखवले. “म्हणजे ती जागा. ही नाही.”

त्या राईत घर नव्हते. तिथे केपर्स मंडळींच्या कबरी होत्या.

“जुन्या मालकाला सोडवून घ्यायला वर्षाची मुदत असते,” तो हळू आवाजात म्हणाला. “ती परवा, बुधवारी संध्याकाळी पाचला संपते. मी नोकर माणूस आहे, हे सांगणं माझं काम नाही. पण मी तुमच्या जागी असतो, तर इथे उभा राहिलो नसतो.”

अलीथिया तेव्हा बहात्तर वर्षांची होती. ती त्याच घरात जन्मली होती.

आमच्या बेटावरची शाळा बंद होईपर्यंत एकतीस वर्षे तिथले स्वयंपाकघर तिच्या हाती होते. टोमॅटोतला लाल भात, भेंडीची आमटी आणि शुक्रवारी तळलेले मासे यांवर आमच्या दोन पिढ्या वाढल्या. आम्ही सगळे तिला मिस टे म्हणायचो. अलीथिया हे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते तिच्या निवृत्तीच्या समारंभात, आणि शेजारच्या बाईला विचारले, या कोण?

यात नवल नाही. आमच्याकडे मूल टोपलीत असतानाच आई त्याला एक नाव ठेवते, आणि तेच जन्मभर चालते. त्याला आम्ही टोपलीतले नाव म्हणतो. दुसरे नाव कागदावरचे. ते परक्यांसाठी असते. शाळेसाठी, सैन्यासाठी, फौजदारासाठी. आमच्या म्हाताऱ्यांना अनुभवाने असे वाटे, की कागदावरचे नाव विचारत दारात आलेला माणूस काहीतरी न्यायलाच आलेला असतो. म्हणून ते नाव कोणी फारसे उच्चारत नसे. मग होई असे, की माणूस जाई आणि त्याचे कागदावरचे नावही त्याच्याबरोबर जाई. अलीथियाच्या आजोबांच्या दगडावर फक्त ‘कजो’ एवढेच कोरलेले आहे. शेजारी त्यांच्या भावाचा दगड, त्यावर ‘क्वॉश’.

कराचे बिल मात्र ‘केपर्स, आयझ., मयत’ या नावाने येत असे. ते आधी आत्याकडे येई आणि आत्या गेल्यावर अलीथियाकडे. दर जानेवारीत ती चर्चला घालायची हॅट घालून काउंटीच्या करखात्यात जाई, खिडकीशी ते बिल ठेवी आणि पैसे भरी. बिलावरच्या दोनच गोष्टी ती वाचत असे, नाव आणि रक्कम. रक्कम फार थोडी असे. तिला ती देवाची कृपा वाटे. ‘बांधकाम’ या रकान्यात ‘नाही’ असे छापलेले असे, तिकडे तिचे लक्ष कधी गेले नाही.

मंगळवारी सकाळी करखाते उघडले तेव्हा ती दाराशी उभी होती. खिडकीत ओडेल प्रेलो होता.

“नाव?” त्याने सवयीने विचारले.

“माझं नाव माहीत नाही तुला? सहा वर्षं रांगेत दोन-दोनदा उभा राहून भात घ्यायचास. मला दिसत नव्हतं असं वाटतं का?”

“मला माहीत आहे, मिस टे. यंत्राला माहीत नाही.”

“यंत्राला सांग, माझं घर विकलंय त्यानं.”

ओडेलने क्रमांक घातला. मग दुसरा क्रमांक घातला. मग तो उठून आतल्या खोलीत गेला आणि कडा पिवळ्या पडलेली दोन जाड कार्डे घेऊन आला. यंत्र यायच्या आधी मिळकतींची नोंद अशा कार्डांवर होत असे. त्याने ती खिडकीतल्या फळीवर शेजारी शेजारी ठेवली.

“हे बघा. सदतीस, आयझाया केपर्स. अडतीस, आयझॅक केपर्स. दोघं सख्खे भाऊ, एकाच वर्षी शेजारी-शेजारी जमीन घेतलेली. पुढे हे सगळं यंत्रात भरलं, तेव्हा कुणीतरी नावं तोडली. हा आयझ., तोही आयझ. मग पत्ते चढवताना ह्याचा पत्ता त्याला आणि त्याचा ह्याला.”

“मग माझ्या घराचं बिल कुणाकडे जायचं?”

“फिलाडेल्फियाला. ल्युसिल डेंट.”

ल्युसिल ही क्वॉशची नात. क्वॉशचा सगळा गोतावळा फार पूर्वीच उत्तरेला निघून गेला होता. अलीथियाने तिला आयुष्यात एकदाच, एका अंत्ययात्रेत पाहिले होते. निळे हातमोजे घातलेली, डासांना वैतागलेली बाई.

“ती भरायची?”

“नेमानं. तीन वर्षांपूर्वीपर्यंत. मग आमची पत्रं परत यायला लागली.” त्याने परत आलेल्या पाकिटावरचा शिक्का दाखवला. “ती वारली, मिस टे.”

“म्हणजे ती माझ्या घराचा कर भरत होती आणि मी तिच्या जंगलाचा.”

“हो.”

अलीथिया हसली. त्या हसण्याने तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाने मान वर केली आणि लगेच खाली घातली.

“आणि मला कुणी सांगितलं नाही?”

“जागेवर नोटीस लावली होती. इथं लिहिलंय, गल्लीच्या तोंडाशी, ओकच्या झाडाला.”

तो खिळा तिने पाहिला होता. त्याच्याखाली नारिंगी कागदाचा एक कोपरा वर्षभर लोंबत होता. बाकीचा कागद वादळाने नेला होता. चर्चच्या मासे-भोजनाची जाहिरात असेल, असे समजून ती त्याच्यावरून रोज जा-ये करत होती.

तिने पर्समधून पाकीट काढले. मयताच्या खर्चासाठी, म्हणजे स्वतःच्याच, तिने बाजूला ठेवलेले पैसे त्यात होते. “किती होतात ते घे आणि सोडव.”

ओडेलने पाकिटाला हात लावला नाही.

“घेता येत नाहीत. सोडवायचा हक्क मालकाला, नाहीतर त्याच्या वारसाला. अडतीस आयझॅकची. आणि तुम्ही आयझायाच्या नात.”

“कोण म्हणतं?”

“तुम्हीच.” त्याने यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला. आत्या गेली त्या वर्षी पत्ता बदलण्यासाठी भरलेला अर्ज त्यावर होता. ‘मी आयझाया केपर्स यांची नात असून...’ आणि खाली तिची गोल, नीटनेटकी सही.

“त्या दिवशी खिडकीत एक बाई होती,” अलीथिया म्हणाली. “तिनं विचारलं, आयझ. म्हणजे काय? मी म्हटलं, आयझाया असेल. आत्या तसं काहीतरी म्हणायची. मला काय ठाऊक, ओडेल? आम्ही त्यांना पा कजो म्हणायचो.”

“मग कजो म्हणजे आयझॅक, हे दाखवणारा कागद आणा. कुठलाही, जुना, फाटका. मी शपथपत्र इथंच टाइप करून देतो. पण कागद हवा. नाहीतर त्या खरेदीदाराचा वकील मला फाडून खाईल आणि तुमचं घर तरीही घेईल.”

“कधीपर्यंत?”

“उद्या पाच.”

गावातल्या एकमेव वकिलाने तिला तीन आठवड्यांनंतरची वेळ दिली. चर्चच्या सभासदांची जुनी वही पुरात गेलेली होती. घरी जपून ठेवलेल्या कुटुंबाच्या बायबलमध्ये जन्ममृत्यूच्या पानावर सगळी टोपलीतलीच नावे होती, एकापेक्षा एक सुंदर आणि त्या दिवशी एकही उपयोगाचे नाही.

दुपारी ती खाडीच्या टोकाला अंकल सॉलकडे गेली. तो एक्याण्णव वर्षांचा. पा कजोच्या हाताखाली जाळी विणायला शिकलेला आता तो एकटाच उरला होता. ओट्यावर बसून तो जाळे विणत होता.

“अंकल, पा कजोचं कागदावरचं नाव काय होतं?”

“कुणाचं?”

“पा कजोचं!”

“कजो.”

“ते टोपलीतलं झालं. सरकारी नाव?”

“सरकारला कशाला सांगायचं?”

“अंकल, माझं घर चाललंय. आयझॅक का आयझाया?”

म्हाताऱ्याने हातातली सुई थांबवली. “एक आयझॅक होता. एक आयझाया होता.”

“ते मला कळलं! कोण कुठला?”

“कजो कजो होता आणि क्वॉश क्वॉश होता. आमचा कधी घोटाळा झाला नाही बाई. तुम्ही शिकलात आणि घोटाळे सुरू झाले.”

अलीथिया पायरीवर बसली आणि तिने कपाळ गुडघ्यांवर टेकले. एकतीस वर्षे शेकडो मुलांची नावे, कोणाला दूध चालत नाही, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, हे सगळे तिला पाठ होते. ज्याच्या घरात आपण झोपतो त्याचे नाव मात्र तिने कधी विचारले नव्हते. विचारावे असे वाटलेच नव्हते. आजोबा समोर होते, हाक मारली की ओ देत होते.

“रडतेस का?” सॉलने विचारले. त्याला ऐकू कमी येत असे, दिसत मात्र सगळे असे.

“नाही.”

“रड की. मला कुठं ऐकू येतंय?” त्याने दोन फासे घातले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाला, “तो फुली मारत नसे.”

“कोण?”

“कजो. लिहिता येत नव्हतं, तर बाकी सगळे कागदावर फुली मारायचे. तो म्हणायचा, फुली कुणीही मारील, मग मी मारली हे कशावरून? तो हे काढायचा.” त्याने हातातली जाळे विणायची लाकडी सुई वर धरली. एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला खाच, मध्ये जीभ. “दगडावर बघ त्याच्या. मीच कोरलीय.”

त्या दगडावर खाली काहीतरी कोरलेले आहे, हे अलीथियाला लहानपणापासून माहीत होते. ती त्याला मासा समजत आली होती.

उन्हे उतरायच्या आत ती पाइनच्या राईत पोहोचली. किराणा दुकानाची तपकिरी पिशवी फाडून तिने कागद दगडावर दाबून धरला आणि वरून कोळसा घासला. आधी दगडाचे खवले उमटले, मग नाव, आणि मग खाली सुई. खाच, जीभ, सगळे स्वच्छ.

बुधवारी सकाळी ती काउंटीच्या दस्तखोलीत गेली. तिथल्या बाईने नावांची सूची कशी पाहायची ते दाखवले आणि १९११चे जाड पुस्तक टेबलावर ठेवून दिले. त्या काळचे प्रत्येक खत कारकून हाताने या पुस्तकांत उतरवून ठेवत. अकराच्या सुमारास तिला खरेदीखत सापडले. ‘आयझॅक केपर्स यांस... खाजणाच्या उत्तरेस... बारा एकर.’ तिने पान उलटले. खाली सही होती, पण ती विकणाऱ्या गोऱ्या मालकाची, लांबलचक आणि वळणदार. साक्षीदार दोन. पा कजोचे काहीच नव्हते.

आयझायाच्या खतातही तेच.

तिने दोन्ही खते पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा. दुपारी एक वाजता ओडेल सँडविच खात दारातून डोकावला, तेव्हा ती पुस्तकासमोर नुसती बसून होती. तिची हॅट शेजारच्या खुर्चीवर होती.

“त्यांनी सही केलीच नाही, ओडेल.”

त्याने खांद्यावरून पाहिले. “खरेदीखतावर घेणारा सही करत नाही, मिस टे. देणारा करतो.”

“मग घेणारा कधी करतो?”

ओडेल चावायचा थांबला. “रोख पैसे देऊन घेतली होती का जमीन?”

“कोळ्याकडे कुठले रोख पैसे?”

“मग गहाणखत असणार. त्याच्यावर घेणाऱ्याला सही करावीच लागते.” त्याने सँडविच खिशात कोंबले आणि गुडघ्यांवर बसून खालच्या फळीवरची पुस्तके ओढायला सुरुवात केली. गहाणखतांची सूची वेगळी होती आणि तिची अर्धी पाने वाळवीने खाल्ली होती. ‘क’ची पाने त्या अर्ध्यात होती.

त्यांनी एकेक पान उलटायला घेतले. ओडेलची जेवणाची सुट्टी संपली, तो गेला. अलीथिया उलटत राहिली. रांगेने फुल्या होत्या. माणसे जमिनी घेत होती, गहाण ठेवत होती आणि फुली मारत होती. कारकून प्रत्येक फुलीभोवती ‘याची निशाणी’ असे लिहीत होता. तीन वाजले, साडेतीन वाजले. प्रत्येक फुलीला तिचे काळीज तुटत होते, कारण प्रत्येक फुली एका माणसाची होती आणि कोणाची ते आता त्या फुलीवरून कोणीही सांगू शकत नव्हते.

चार वाजून दहा मिनिटांनी तिने पान उलटले आणि तिथे सुई होती.

तो कुणी कामाचा पक्का कारकून असला पाहिजे. समोरच्या माणसाने मूळ कागदावर जे काढले, ते त्याने पुस्तकात तसेच उतरवले होते; टोक, खाच आणि मधली जीभ. दोन्ही बाजूंना त्याचे सुबक अक्षर: ‘आयझॅक — याची निशाणी — केपर्स.’ पुढच्याच पानावर आयझाया होता, आणि त्याची साधी फुली.

ते पुस्तक खोलीबाहेर न्यायची परवानगी नव्हती. ती खिडकीशी धावत गेली आणि रांग ओलांडून तिने ओडेलला हाताला धरून आणले. एकतीस वर्षांत तिने कोणाला रांग मोडू दिली नव्हती. सुईच्या शेजारी तिने तपकिरी कागद पसरला. ओडेल दोन्हींकडे पाहत राहिला.

“एवढं पुरेल?” तिने विचारले.

“पुरवू,” तो म्हणाला. “चला.”

शपथपत्र टाइप व्हायला बारा मिनिटे लागली. त्यात दोन कलमे होती. पहिले, ती आयझॅक केपर्सची नात असल्याचे, तिने वाचले आणि मान डोलावली. दुसऱ्यापाशी तिचे बोट थांबले. ‘मी आयझाया केपर्स यांची वारस नाही. पूर्वी तसे लिहून दिले ते चुकीने. मिळकत क्रमांक सदतीसवर माझा कोणताही हक्क नाही.’

“हे कशाला?”

“दोन्हीकडची नात होता येत नाही, मिस टे. ते काढलं तर हे टिकत नाही.”

“तिथं पा कजो आहेत. माझी आई आहे.”

“माहीत आहे मला.”

“मी यावर सही केली, तर त्या जागेची पत्रं कुणाकडे जातील?”

“फिलाडेल्फियाला.”

“ल्युसिलकडे.”

“हो.”

“ती मेलीय.”

भिंतीवरच्या घड्याळात पाचला सात मिनिटे कमी होती. खिडकीच्या पलीकडे कोणीतरी शटर ओढण्याची तयारी करत होते.

अलीथियाने सही केली. नेहमीची गोल, नीटनेटकी सही. तिने पैसे मोजून दिले आणि पावती घेतली. पावतीवरचा क्रमांक तिने दोनदा वाचला आणि ओडेलकडूनही वाचून घेतला. मग ती बाहेरच्या बाकावर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. हॅट आत राहिली होती. ती ओडेलने आणून दिली.

“घर वाचलं ना, मिस टे,” तो म्हणाला.

“वाचलं,” ती म्हणाली. “राईतल्यांना मी आत्ताच नाही म्हणून आले.”

दुसऱ्या दिवशी मोजणीवाला येऊन फिती सोडून घेऊन गेला.

जानेवारीत ती पुन्हा खिडकीशी उभी राहिली. या वेळी खिडकीत नवी मुलगी होती.

“नाव?”

“नाव राहू दे, बाळ. क्रमांक घे. अडतीस.”

पैसे भरून झाले. “आणखी काही, मॅम?”

“सदतीस.”

मुलीने पडद्यावर पाहिले. “ही तुमची नाही, मॅम. बिलही तुमच्याकडे पाठवलेलं नाही.”

“ठाऊक आहे मला. मीच लिहून दिलंय तसं.”

“तुम्ही भरलात तरी तुमचा हक्क लागणार नाही त्यावर.”

“नको लागू दे. लिलाव तर होणार नाही ना?”

“या वर्षी नाही.”

“मग घे.”

मुलीने पैसे घेतले. छापून आलेल्या पावतीवर ‘केपर्स, आयझ., मयत’ असेच होते. ते कोणी दुरुस्त केले नव्हते.

मी शेवटचा तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा तिने मला तो बिस्किटांचा डबा दाखवला. ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती, गुडघे गेले होते, मूलबाळ नव्हते. आपल्यानंतर सदतीस कोण भरणार, हे तिने मला विचारले नाही. बेटावर आलेल्या प्रत्येकाला ती तो डबा नुसता उघडून दाखवत असे. आत पावत्यांचे दोन गठ्ठे होते. एक जाड, एक अगदी बारीक. झाकणाच्या आतल्या बाजूला तिने जाड शाईने दोन ओळी लिहिल्या होत्या.

३८ — घर.
३७ — माणसं.